तिसरी चौकट

"माझा आत्ताच झाला रे," ताई म्हणाली, आणि पिक्सेलबुवाच्या हातातले दोन कप हातातच राहिले.

झाला म्हणजे चहा झाला. दुसरं काही नाही. पण बुवाचा चेहरा असा पडला की बघणाऱ्याला वाटावं, याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. त्याने एक कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दुसरा तोंडाला लावला, जीभ भाजून घेतली आणि जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "कुणाबरोबर?"

"नवीबरोबर. ती निघाली होती, म्हणाली चला, तर गेले."

तर गेले! इतकं सोपं असतं होय? कट्ट्यावरचा दुसरा कप गार होत राहिला, आणि तो तसाच बेसिनमध्ये ओतताना बुवाला जे वाटलं, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे. जळणं.

आता हा बुवा कोण आणि ही ताई कोण हे सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका कपासाठी एवढं काय!

बुवा वेबसाइटचा डिझायनर. दुकानं, दवाखाने, शाळा यांची जी पानं आपण फोनवर उघडतो, त्यांत चित्र कुठे बसेल, अक्षर केवढं असेल, बटण कुठे येईल, हे ठरवणारा माणूस. पडद्यावरच्या सगळ्यात बारक्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि हा गृहस्थ एक ठिपका इकडे की तिकडे यावर अख्खी दुपार घालवायचा, म्हणून पिक्सेलबुवा. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तर घास टाकून उठायचा. खरं नाव पगाराच्या दिवशी हिशेबनीसच काय ते घ्यायचा.

याची सगळी कारकीर्द चहावर उभी. विशीत तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा शिडीवरून उतरून चहा पीत बसला होता, तर शेजारच्या माणसाने पाटीकडे बोट करून विचारलं, "ते अक्षर तुझं?" तो निघाला छापखान्याचा मालक. कप रिकामा होईपर्यंत नोकरी पक्की. पुढे छापखान्याचं काम आटत चाललं, तेव्हा तिथल्याच चहाच्या सुट्टीत एका गिऱ्हाइकाने त्याला संगणकावर पान कसं बांधतात ते दाखवलं. मग ही कंपनी. इथेही पहिल्याच दिवशी चहाच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी असलेली ताई भेटली. तेव्हा बुवाने आपल्यापुरता नियमच करून टाकला होता, की आयुष्यात जे काही बरं व्हायचं ते चहाच्या सुट्टीतच होतं. त्यामुळे अवघड काही समोर आलं की तो म्हणायचा, "चहा घेऊ, मग बघू." साहेबांनी एकदा विचारलं, मुख्य डिझायनर होतोस का? बुवा म्हणाला, चहा घेऊ, मग बघू. बुवाचा चहा होईपर्यंत साहेबांनी दुसऱ्याला विचारून टाकलं.

ताई त्याच्याहून थोडी मोठी. ती पानांवरचा मजकूर लिहायची. बुवाने घर बांधायचं आणि ताईने त्यात माणसं राहायला आणायची, असं ते काम. दुपारच्या चहाला बुवा फोन पुढे करून तिला नवं पान दाखवायचा. ताई एक घोट घ्यायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "हे बटण लाजतंय रे. जरा पुढे येऊ दे." किंवा, "ही दोन चित्रं भांडतायत. एकाला घरी पाठव." बुवा जागेवर जाऊन तसं करायचा, आणि दुसऱ्या दिवशी साहेब म्हणायचे, वा बुवा, डोळा आहे तुला! बुवा मान तुकवायचा. तो डोळा ताईचा आहे, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. ताईशिवाय आपलं एक पान धड होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो गार झालेला कप त्याला इतका झोंबला.

आणि हेही सांगून ठेवतो. ताईने त्याला विचारलं होतं. एकदा नाही, कित्येकदा. "आपण दोघं बाहेर पडून स्वतःचं काही काढूया का रे? छोटंसंच. एक खोली, दोन टेबलं आणि एक बरीशी खिडकी." बुवाचे डोळे लकाकायचे. मग तो म्हणायचा, "चहा घेऊ, मग बघू." चहा व्हायचा. बघणं राहून जायचं.

अशात नवी आली. ती नवी होती म्हणून नवी, आणि जुनी झाली तरी नवीच राहिली. साहेब म्हणाले, हिला तयार कर. बुवाने केली. पान बांधून झालं की खुर्ची मागे सरकवायची, डोळे बारीक करायचे, सगळं धूसर दिसलं पाहिजे, आणि त्यात पहिल्यांदा जे नजरेत भरेल तेच गिऱ्हाइकाच्या नजरेत भरणार, ही त्याची पाटीच्या दिवसांतली युक्ती. तीही देऊन टाकली. पोरगी शिकवलेलं विसरायची नाही. तेवढंही चाललं असतं. पण ती शिकवलेल्यात भर घालायची. असल्या माणसांचा फार राग येतो.

पहिल्यांदा ताईने नवीचं एक पान बघून "छान ग" म्हटलं, तेव्हा बुवाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला ती कधी छान म्हणाली नव्हती. त्याला म्हणायची, बटण लाजतंय. मग एक दिवस तो चहाच्या खोलीत शिरला, तर कट्ट्याला टेकून दोघी. बुवाच्या जागेवर, अगदी बुवाच्याच जागेवर नवी. "या ना सर," म्हणून ती बाजूला सरकली सुद्धा. पण दोघींचं बोलणं थांबलं ते थांबलंच. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला आणखी काय लागतं?

आणि मग ते रोजचंच झालं. आज "आत्ताच झाला", उद्या "मघाशीच झाला". बुवा दोन कप घेऊन जायचा आणि दोन्ही स्वतः प्यायचा. त्याला पित्त व्हायला लागलं.

घरी त्याचं तोंड बघून बायकोने ओळखलं. ती शाळेत गणित शिकवायची. गोल गोल बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"अहो, तुमच्या चहाला कुणी सवत आणली का?"

"चेष्टा नको. ती पोरगी ताईला पार फितवून बसलीय."

"मग ताईंना विचारा ना सरळ."

"काय विचारू? माझ्याबरोबर चहा का घेत नाहीस म्हणून? मी काय पाचवीतला मुलगा आहे?"

"पाचवीतला मुलगा केव्हाच विचारून मोकळा झाला असता," बायको म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

बुवाने विचारलं नाही. त्याने पाळत ठेवली.

या कामात पाळत ठेवणं फार सोपं असतं. सगळे जण एकाच फाईलमध्ये एकाच वेळी काम करतात, आणि प्रत्येकाचा एकेक रंगीत बाण पडद्यावर फिरताना सगळ्यांना दिसतो. बाणाच्या शेपटाला नाव. ताईचा हिरवा, नवीचा केशरी. बाण हलतोय म्हणजे माणूस कामात, थांबला म्हणजे उठला. बुवा आपलं काम सोडून बाण बघत बसायला लागला. केशरी थांबला की तो खुर्चीत ताठ व्हायचा. हिरवाही थांबला की संपलंच. गेल्या! दोघी एकदम गेल्या! मग तो केशरी बाणाच्या मागे मागे फिरू लागला. नवी ज्या पानावर जाईल त्या पानावर हा. ती कोपऱ्यात गेली की हाही कोपऱ्यात. दाराआडून डोकावणाऱ्या माणसाला जेवढी लाज वाटायला हवी तेवढीही बुवाला वाटली नाही, कारण इथे दारच नव्हतं.

असा मागे मागे जाता जाता एका दुपारी तो एका अनोळखी फाईलशी पोचला. संगणकावरच्या, सगळ्यांच्या सामाईक कपाटातच पडली होती ती, उघडी. नाव होतं "खिडकी".

खिडकी! बुवाच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणती खिडकी? या ऑफिसात खिडकी एकच, आणि ती कुणाची हे शेंबडं पोरही सांगेल.

आत एकच पान. वर मोठ्या अक्षरात "आम्ही". खाली चार ओळी, आणि त्या कुणी लिहिल्यात हे सांगायची गरज नव्हती. 'आम्ही पानं बांधतो. घाईची कामं घेत नाही. चहाची सुट्टी मात्र घेतो.' त्याखाली ओळीत तीन चौकटी. पहिलीत ताईचा फोटो, हसरा. दुसरीत नवीचा. तिसरी नुसती करडी, रिकामी.

बुवा खुर्चीत मागे रेलला. डोळे बारीक करायची गरजच पडली नाही, सगळं आपोआप धूसर झालं होतं.

म्हणजे ताई चालली. जी गोष्ट तिने त्याला विचारली होती, त्याच खिडकीत, त्याच कपांसकट, ती आता नवीबरोबर करणार होती. बरं, दोघीच असत्या तरी एक वेळ गिळलं असतं. पण ही तिसरी चौकट? हा कोण उपटसुंभ? कुठून आणणार होत्या त्याला? असेल कुणीतरी तरणाबांड, दाढी कोरलेला, चहाऐवजी काळी कॉफी पिणारा. तो रोज ताईला पान दाखवणार. ताई मान वाकडी करणार, आणि त्याला सांगणार, बटण लाजतंय. आपलं वाक्य! नवीचा हेवा बुवाने महिनोन्महिने सोसला होता, पण त्या करड्या चौकटीतल्या, अजून तोंडही नसलेल्या माणसाचा त्याला जेवढा हेवा वाटला तेवढा जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

आणि तिसरी चौकट ओळीत नव्हतीच मुळी. किंचित खाली होती. दोन ठिपके असतील.

बुवाने ती निवडली आणि काढून टाकली.

गेला! कोण होता कोण जाणे, पण गेला. बुवाला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला.

पण आता दोन फोटो डावीकडे चिकटलेले आणि उजवीकडे मोठं भगदाड. तसं सोडून जाणं बुवाच्या रक्तात नव्हतं. म्हणाल, ज्यांचा राग आला त्यांचं पान हा कशाला सुधारतो? अहो, जो परक्याच्या घरात तिरकं कॅलेंडर सरळ करतो, तो काय करणार दुसरं! त्याने दोन्ही फोटो मधोमध आणले. त्यांच्यातलं अंतर जुळवलं. मथळा जरा हलका केला, ओळींना श्वास घ्यायला जागा दिली. ताईचा चेहरा उजवीकडे बघत होता, नवीचा डावीकडे, तर दोघी एकमेकींशी बोलतायत असं दिसावं म्हणून फोटोंची कड किंचित छाटली. मधेच त्याचं लक्ष गेलं, हिरवा आणि केशरी बाण पानाच्या कडेला केव्हाचे थांबले होते. थांबले ते हललेच नाहीत. गेल्या चहाला, बुवा दात खाऊन पुटपुटला, आणि कामाला लागला. त्या दुपारी त्याने चहाच घेतला नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

पान झालं तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली, डोळे बारीक केले. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि घालायला जागा नव्हती. ताईला दाखवावंसं वाटलं. मग आठवलं, ताईचंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई स्वतः दोन कप घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "चल खिडकीत."

बुवा असा उठला की खुर्ची मागे जाऊन आपटली. आली का नाही परत! शेवटी आपलं माणूस ते आपलं. तो कट्ट्याला टेकला, आपल्या जागेवर, आणि पहिला घोट त्याला इतका गोड लागला की साखर जास्त पडली की काय, असं वाटून गेलं.

"बघितलं आम्ही काल," ताई म्हणाली.

"काय?"

"तुझं उत्तर."

"कसलं उत्तर?"

"चौकट काढलीस ना. आम्ही दोघी हात बाजूला ठेवून बघत बसलो होतो. तुझा बाण आला, बुवा असं नाव एवढं ठळक निळ्या अक्षरात, चौकटीवर गेला, आणि काढूनच टाकलीस. नवी रडवेली झाली. मी म्हटलं, जाऊ दे ग, निदान या वेळी 'चहा घेऊ' तरी म्हणाला नाही."

बुवाच्या डोक्यात ते हळूहळू उतरलं. स्वतःच्या पडद्यावर स्वतःचा बाण साधा काळा दिसतो. रंग नाही, नाव नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, आपण कुणाला दिसत नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच तर तो बजावून सांगायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाने थोडेच मिटलेले असतात!

"म्हणजे इतके दिवस मी जो..."

"दिसत होतास. केशरीच्या मागे निळा, केशरीच्या मागे निळा. नवी बिचारी म्हणायची, सर माझं काम तपासतात, किती काळजी घेतात! मी म्हटलं, काळजी नव्हे ती बाई, जळतोय तो."

"ती चौकट," बुवाने विचारलं, "ती माझी होती?"

"मग कुणाची असणार? मुद्दाम दोन ठिपके खाली ठेवली होती मी. म्हटलं, ते तरी याला बघवणार नाही. येईल, विचारेल, ताई, ही तिसरी कुणाची? मग सांगू. मी विचारून विचारून थकले रे. म्हटलं, एकदा तू विचार."

"मग माझ्याबरोबर चहा का सोडलास?"

ताईने कपात बघितलं. "तुझ्याबरोबर चहा घेतला की चहाच होतो. दुसरं काही होत नाही. जागा बघायची होती, कामं बोलायची होती. नवी उभ्या उभ्या पिते आणि निघते."

बुवाला रडू आलं असतं. त्याने ते आवरलं आणि पहिल्यांदाच खरं ते बोलला. "मला वाटलं माझ्या जागी दुसरा कुणी आणताय. मला हेवा वाटला, ताई. नवीचा वाटला, आणि त्या चौकटीतल्या माणसाचा तर इतका वाटला की तो समोर असता तर मी त्याला ढकलून दिलं असतं."

"दिलंसच की."

दोघंही हसले. हसता हसता ताई एकदम थांबली आणि कप कट्ट्यावर ठेवून त्याच्याकडे वळली. "हे बघ. जागेच्या कागदावर सह्या आज व्हायच्यात. आम्ही आत्ता निघतोय, नवी खाली उभी आहे. चौकट परत घालायला तुला किती वेळ लागतो? बोल. येतोस?"

खाली रस्त्यावर नवी खरंच उभी होती, वर खिडकीकडे बघत. एक खोली, टेबलं, खिडकी. रोज दुपारी ताई मान वाकडी करणार. बुवाला जगात जे जे हवं होतं ते सगळं त्या एका शब्दापलीकडे होतं, आणि शब्द तर दोन अक्षरी. येतो. त्याने तोंड उघडलं. हातातला कप अर्धा भरलेला होता, गरम होता, आणि तोंडातून निघालं ते असं:

"चहा तर संपू दे."

ते त्याचं त्यालाही ऐकू आलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं, ते तिने हाताच्या पाठीने पुसलं. आपला कप उचलला, उरलेला चहा एका दमात प्यायली.

"माझा झाला," ती म्हणाली.

ती जिना उतरून गेली. बुवा मागे धावला का? नाही. तो खिडकीतून बघत उभा राहिला. दोघी रस्ता ओलांडून दिसेनाशा झाल्या, तेव्हाही कपात दोन घोट शिल्लक होते.

महिन्याभराने ते पान सगळ्यांसाठी खुलं झालं. चहाच्या खोलीत हिशेबनीस आपला फोन घेऊन आला. ताई गेल्यापासून बुवाबरोबर तोच चहाला उभा राहायचा. त्याला पानांतलं काही कळत नसे, आणि बुवाला ते बरं वाटायचं.

"बघितलंस का बुवा, आपल्या ताईंचं? काय दिसतंय! मला काही कळत नाही यातलं, पण बघत राहावंसं वाटतं. कुणी केलं असेल रे?"

"मी," बुवा म्हणाला.

"काहीतरीच! मग तू कुठे आहेस यात?"

बुवाने फोन हातात घेतला. ताई आणि नवी एकमेकींशी बोलत होत्या. मधलं अंतर बरोबर होतं, कडा बरोबर होत्या, एक ठिपका इकडचा तिकडे नव्हता. त्याने फोन परत केला आणि कप उचलला.

"तोल बिघडत होता," तो म्हणाला.